बंद दुकानाला रामराम

दवाखान्यातला कापसाचा गुंडा बघितलाय का कधी? निळ्या कागदात घट्ट वळलेला असतो. चिमूटभर पाहिजे म्हणून टोक धरून ओढावं, तर हातभर कापूस बाहेर येतो आणि काही केल्या परत आत जात नाही. दवाखान्यातल्या किस्स्यांचं तसंच आहे. परवा नातसुनेनं सहज विचारलं, "आजी, तुम्ही त्या डॉक्टरांकडं नेमकं काय काम करायचा?" मी एक सांगितला, त्याला धरून दुसरा आला. गॅसवरचं दूध उतू गेलं तेव्हा कुठं ती उठली.

म्हणून आता लिहूनच काढते. मी शाळेत गेलेली बाई नाही. त्यामुळं शुद्धलेखनाचे मार्क कुणी कापायला आलं, तर कापायला माझ्याकडं मार्कच नाहीत.

गोष्ट कोल्हापूरची. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. डॉक्टर नाडगौडा मुंबईहून शिकून आले आणि शिवाजी पेठेत त्यांनी दवाखाना काढला. सर्दी-पडशावर सगळ्यांचं चालतं तसं त्यांचंही चाललं असतं, पण त्यांना एका गोष्टीनं झपाटलं होतं. आमच्याकडं चांगली धडधाकट, ऐन उमेदीतली माणसं यायची आणि त्यांच्या पायाचं बोट काळं पडलेलं असायचं. आधी चालताना पोटरीत गोळा येणार, मग बोट गार पडणार, मग काळं होणार, आणि शेवटी मिरजेला नेऊन पाय कापायचा. कुणी म्हणायचं करणी आहे, कुणी म्हणायचं उष्णता, कुणी म्हणायचं गुऱ्हाळात चुलवाणापुढं उभं राहून असं होतं. डॉक्टर म्हणायचे, "पायाकडं जाणाऱ्या रक्ताच्या नळ्या आतून बुजतायत. पण का बुजतायत? ते मला शोधायचंय."

शोधायचं म्हणजे विचारत सुटायचं. काय खाता, काय काम करता, काय ओढता, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का. हेच आजाऱ्यांना विचारायचं आणि हेच धडधाकटांनाही विचारायचं, म्हणजे फरक कशात आहे ते कळतं. धडधाकटांना कशाला विचारतात, हे पेठेला शेवटपर्यंत पटलं नाही. "मला काय धाड भरल्या व्हय?" म्हणून माणसं भांडायला यायची.

\*\*\*

बायकांना विचारायला बाई पाहिजे होती, आणि ती लिहिणारी पाहिजे होती. पेठेत लिहिता येणाऱ्या बायका होत्या, पण त्या घरोघर हिंडणाऱ्या नव्हत्या. हिंडणाऱ्या होत्या, त्यांना लिहिता येत नव्हतं. मला दोन्ही येत होतं.

वडील लहानपणीच गेले. मला वाढवलं माझ्या चुलत्यांनी, ज्ञानू वस्तादांनी. त्यांना मी आबा म्हणायची. आमचं घर तालमीला लागून. तालमीत बायकांना पाऊल टाकायची बंदी, पण रस्त्याकडच्या भिंतीवर जी पाटी रंगवलेली होती ती वाचायला कुणाची बंदी नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक अक्षर विचारून मी ती पाटी सोडवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'येथे लंगोट वाळत घालू नयेत.' त्यातल्या अक्षरांच्या जोरावर मी पुढं दुकानांच्या पाट्या, सिनेमाच्या जाहिराती आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत गेले. लग्न झालं, मालक लढाईवर गेले ते परत आले नाहीत, आणि मी लहानग्याला घेऊन परत आबांच्या घरी आले. वाचायचं मात्र सोडलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "सोनाबाई, शिक्षण किती झालंय?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "लंगोटापर्यंत."

त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र पुढं सरकवलं. मी अग्रलेख वाचायला घेतला. पुरता वाचूनही होऊ दिला नाही त्यांनी. म्हणाले, उद्यापासून या.

\*\*\*

हाताची नाडी सगळे डॉक्टर बघतात. नाडगौडा पायाची बघायचे. पावलाच्या वर एक ठोका लागतो, घोट्याच्या मागं एक लागतो. नळी बुजली असेल तर तो लागत नाही. त्यासाठी पेशंटला टेबलावर बसवून डॉक्टर स्वतः खाली वाकायचे आणि त्याच्या पावलाला हात लावायचे.

आता विचार करा. मुंबईला शिकलेला, चष्मेवाला, पांढऱ्या कोटातला माणूस तुमच्या पायाला हात लावतोय. पन्हाळ्याकडचा एक शेतकरी पहिल्यांदा आला, तो ओरडलाच. मला पाप लागेल म्हणत टेबलावरून खाली उतरला आणि उलट डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवायला वाकला. डॉक्टर त्याला उठवायला वाकले. दोघांची डोकी अशी आपटली, की आमचे कंपौंडर इमामभाई टिंक्चरची बाटली घेऊन धावत आले आणि त्यांनी दोघांच्याही कपाळाला बोळा लावला.

पेठेत बातमी पसरली, की नवा डॉक्टर येईल त्याच्या पाया पडतो. कुणी म्हणालं संस्कार चांगले आहेत, कुणी म्हणालं धंदा चालत नसेल. पण एका म्हातारीनं कमाल केली. डॉक्टर पायाशी वाकले तशी तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि शंभर वर्षांचा हो, तुला मुलगा होऊ दे, असा तोंडभरून आशीर्वाद दिला. डॉक्टरांचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

पुढं लग्न झालं, मुलगा झाला. तर ही बया काठी टेकत पेढे मागायला हजर. "माझ्यामुळं झालाय त्यो," म्हणाली.

\*\*\*

डॉक्टरांचा संशय तंबाखूवर होता. म्हणून प्रश्नांच्या कार्डावर त्यांनी छान शुद्ध मराठीत लिहिलं होतं, 'आपणांस काही व्यसन आहे काय?'

पुरुषांना इमामभाई विचारायचे. महिना झाला तरी कोल्हापुरात एकालाही व्यसन नाही. डॉक्टर चक्रावले. मग एके दिवशी ते स्वतः विचारायला बसले. समोरचा गडी म्हणाला, व्यसन न्हाय बा, आमच्या घराण्यातच न्हाय. डॉक्टरांनी त्याच्या कानाकडं बोट दाखवलं.

"मग कानावर काय आहे?"

"बिडी हाय की."

"अहो, मग व्यसन नाही म्हणालात?"

तो गडी दुखावला. "डॉक्टर, व्यसन म्हंजे दारू. बिडी ती बिडी. तिला व्यसनात कशी धरतायसा?"

डॉक्टरांनी प्रश्न बदलला. 'बिडी ओढण्याची सवय आहे काय?' त्यावर उत्तरं यायला लागली, की सवय नाही, कधीतरी जेवल्यावर. आणि जेवायच्या आधी. आणि मधे, काम नसलं तर. आणि काम असलं तर.

शेवटी इमामभाई कंटाळले. म्हणाले, "साहेब, इचारूच नका. मागा." दुसऱ्या दिवसापासून पेशंट खुर्चीत बसला की इमामभाई आपला सहज हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "पावणं, जरा काडीपेटी देतायसा?" ज्याचा हात खिशात गेला, त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात आम्ही लिहायचो, 'का. पे.'

डॉक्टरांचे मुंबईचे गुरुजी एकदा कार्डं बघायला आले. बरीच चाळली आणि विचारलं, की हा का. पे. म्हणजे कुठला विकार?

इमामभाई म्हणाले, "खिशातला, साहेब."

\*\*\*

मधे काही दिवस डॉक्टरांना चपलांचा संशय आला. कोल्हापुरी चप्पल नवी असताना पाय कसा आवळते ते घालणाऱ्यालाच माहीत. तेवढ्यानं बोटांचं रक्त अडत असेल का? डॉक्टर मला घेऊन चपला करणाऱ्यांच्या गल्लीत गेले. तिथल्या एका वयस्कर कारागिराला त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. म्हातारा ऐकत होता आणि हातातल्या चपलेच्या तळव्यावर हातोडी मारत होता.

सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "साहेब, पायानं पायताण झिजल्यालं मी जल्मभर बघितलं. पायताणानं पाय झिजल्यालं आज ऐकतोय."

मग त्यानं डॉक्टरांचा पाय कागदावर ठेवून घेतला आणि पेन्सिलीनं माप काढलं. आठवड्यानं चपलांचा जोड दवाखान्यात आणून दिला. डॉक्टर घेईनात. तर म्हणाला, "घालून बघा. पाय गेला, तर पायताण परत."

\*\*\*

बायकांचं माझ्याकडं होतं. तंबाखू विचारलं की बायका अंगावर यायच्या, आम्ही काय बाप्ये आहोत का म्हणून. बोलताना दात दिसायचे आणि दातांवर मिश्री. भाजलेल्या तंबाखूचीच असते ती, पण तंबाखू म्हणजे पुरुषांनी ओढायची. ही आपली दात घासायची.

आता डॉक्टरांपुढं पेच पडला. तंबाखूनं नळ्या बुजतात म्हणावं, तर बायका दिवसातून चार वेळा मिश्री लावतात आणि त्यांच्या पायाला फारसं काही होत नाही. इमामभाईंनी प्रेमानं सुचवलं, की साहेब, ते मिश्रीचं लिहूच नका, तुमचंच बिघडेल. डॉक्टर हसले. मला म्हणाले, "सोनाबाई, आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं आधी लिहायचं. बाजूचं आपोआप लिहिलं जातं."

हे वाक्य मी पुढं आयुष्यभर वापरलं. सुनेशी भांडतानाही. तिथं मात्र उपयोग झाला नाही.

तर लिहायचं कसं, तर बोलल्या तसंच. डॉक्टरांचा हुकूम होता, की बाई जे बोलेल ते तिच्या शब्दांत लिहा, आणि कुणाची अब्रू जायला नको म्हणून कार्डावर नाव घालू नका. मी लिहीत गेले. आता आमच्या भागातल्या बायका कशा बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. 'मी येते' नाही म्हणत. 'मी येतो' म्हणतात. 'मी सकाळी उठतो, मिश्री लावतो, मग रानात जातो.'

ती कार्डं मोजणी करायला पुण्याला गेली, डॉक्टरांच्या एका विद्वान मित्राकडं. थोड्याच दिवसांत उत्तर आलं. डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'तुमच्याकडे पुरुषांत मिश्रीचा एवढा प्रसार आहे, हे नव्यानेच समजले. मात्र त्यांपैकी एकाची पाच बाळंतपणे झालेली आहेत. त्यास पहिल्या गाडीने इकडे पाठवा.'

इमामभाई हसून हसून खाली बसले. मी नाही हसले. मी बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं. पुण्याला ऐकायला येत नसेल, तर त्यात कोल्हापूरचा काय दोष?

\*\*\*

आता आबांचं सांगते. इतका वेळ तेच सांगायचं टाळत होते.

ज्ञानू वस्ताद म्हणजे पेठेतलं मोठं नाव. त्यांच्या हाताखाली किती पैलवान तयार झाले त्याला गणती नाही. तालमीत शिस्त अशी, की कुणाच्या तोंडाला बिडीचा वास आला तर त्याचा लंगोट रस्त्यावर फेकला जायचा. आणि स्वतः? कुस्ती सोडल्यावर हाताला काहीतरी पाहिजे म्हणून आबांनी बिडी धरली होती. तालमीत नाही ओढायचे. समोरच्या चहावाल्याच्या मागच्या अंगाला जायचे आणि भट्टीतला निखारा चिमट्यानं उचलून बिडी पेटवायचे. त्यामुळं इमामभाईंनी काडीपेटी मागितली तर आबांच्या खिशात ती कधीच नव्हती. कार्ड कोरं.

त्यांच्या डाव्या अंगठ्याला ठेच लागल्याची जखम झाली होती आणि ती काही भरत नव्हती. मी दवाखान्यातच काम करत होते. काय बघतेय ते मला कळत होतं. भांडून त्यांना डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टर वाकले आणि त्यांनी पावलावर बोटं ठेवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, चला वस्ताद, जरा फिरून येऊ.

हे फिरून येणं म्हणजे त्यांची तपासणी. पायाला रक्त कमी पडत असेल तर चालताना पोटरी धरते, उभं राहिलं की सुटते. म्हणून डॉक्टर पेशंटबरोबर रस्त्यानं चालत जायचे आणि तो कुठं थांबतो ते बघायचे. मुंबईला ठीक आहे. शिवाजी पेठेत कोण न थांबता चालतं? चार पावलं टाकली की कुणीतरी हाक मारतं, पुढं चहा, त्याच्यापुढं कुणाच्या तरी म्हशीची चौकशी. पेशंट पायानं थांबला का तोंडानं, हे डॉक्टरांना कळायचंच नाही.

आबा निघाले, बरोबर डॉक्टर, मागं मी. दूधवाल्याच्या दारात आबा थांबले. "रामराम. बरं हाय न्हवं?" पुढं पानवाल्याकडं थांबले. "रामराम. बरं हाय न्हवं?" मग वाण्याकडं. सगळी माणसं आबांना बघून खूश होत होती. डॉक्टरही खुशीत दिसले. वस्ताद लोकांशी बोलायला थांबत होते, दुखतंय म्हणून एकदाही थांबले नव्हते.

पुढं दत्तोबा सायकलवाल्याचं दुकान. आबा थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "रामराम, दत्तोबा. बरं हाय न्हवं?"

दत्तोबा सासुरवाडीला जत्रेला गेला होता. दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या.

आबांचा एक हात जोडल्या जागेवरून हळूच खाली पोटरीकडं गेला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या फळ्यांकडं बघत राहिले, कारण आबांकडं बघवत नव्हतं. वर्षभर सगळी पेठ म्हणत होती, वस्ताद उतारवयात किती गोड झाले बघा, दर दारात रामराम घालतात.

\*\*\*

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. बिडी सुटली नाही तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. बिडी सुटली तर कदाचित वाचेल. नक्की सांगत नाही, म्हणाले. आबा म्हणाले, "काठीवर हुबा ऱ्हाऊन कोण वस्ताद हुतोय व्हय?" मिरजेला मी जाणार नाही, पाय घेऊन जाईन तो थेट पंचगंगेच्या मसणवटीत, असंही म्हणाले. बिडीबद्दल काही बोलले नाहीत.

मग मीच मार्ग काढला. तीर्थाला जाऊन माणसं देवाला काहीतरी सोडतात. कुणी एखादं फळ सोडतं, कुणी गोड सोडतं, आणि देवाला सोडलेलं परत तोंडात घालायची कुणाची छाती होत नाही. म्हटलं, आबा, नरसोबाच्या वाडीला जावा आणि देवापुढं सोडून या. आबा लगेच तयार झाले. सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं. मी दिवसभर आनंदात. इमामभाईंनीही पिराला ऊद घातला.

संध्याकाळी आबा परत आले. कपाळाला अंगारा, हातात कवठाच्या बर्फीचा पुडा.

"सोडलंसा, आबा?"

"सोडलं. पादुकांवर डोकं ठिवून सोडलं."

मला रडूच आलं. ताट वाढलं. तर आबांनी वाटी बाजूला सरकवली. म्हणाले, "ह्ये आता मला चालणार न्हाई. देवाला सोडलंय."

वाटीत दोडक्याची भाजी होती. आबांना दोडका जन्मात कधी आवडला नव्हता.

\*\*\*

अंगठा निळसर दिसायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. दुपारी तालमीत कुणी नसतं. मी चुन्याची बादली आणि कुंचला घेतला. भर उन्हात रस्त्यावर उभी राहून त्या जुन्या पाटीच्या खाली, त्याच मापाच्या अक्षरांत आणखी एक ओळ काढली. माझी शाळाच होती ती. आता पाटीवर असं झालं:

'येथे लंगोट वाळत घालू नयेत. येथील वस्तादांनी बिडी ओढू नये. हुकमावरून.'

'हुकमावरून' मीच घातलं. सरकारी पाट्यांवर असायचं, भारदस्त वाटायचं.

संध्याकाळी पैलवान आले. पाटीपाशी थांबायचे, वाचायचे आणि मान खाली घालून आत जायचे. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. सगळे म्हणाले, लंगोटाचंच आहे वस्ताद, नवीन रंगवलंय. तालमीत कुणाला आबांशी खोटं बोलता येत नसे. खोटं कसं दिसतं ते आबांना चांगलं माहीत होतं.

ते घरी आले. "सोने, भिताडावर काय लिवलंय? पोरं माझ्याकडं बघत्यात आन् मान खाली घालत्यात."

मी त्यांना घेऊन रस्त्यावर गेले. लहानपणी मी लोकांना विचारायची तशी एकेका अक्षराखाली बोट धरून सगळी पाटी त्यांना वाचून दाखवली. रस्त्यानं जाणारे-येणारे थबकले होते.

आबांनी शेवटच्या शब्दाखाली स्वतःचं बोट धरलं. मग विचारलं, "हुकूम कुणाचा?"

"माझा."

"हं," म्हणाले. "अक्षार चांगलं हाय म्हणत होती पोरं."

आणि सरळ चहावाल्याच्या भट्टीकडं चालायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं, हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत बिडी पेटवणार. त्यांनी कमरेचा बिड्यांचा अख्खा कट्टा काढला आणि भट्टीत घातला. चहावाला ओरडला, चहाला वास लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ पुसायला निघाले, तर आबांनीच अडवलं. म्हणाले, ऱ्हाऊ दे, हुकूम हाय.

\*\*\*

बिडी सुटली म्हणून पाय वाचला असं होत नाही. अंगठ्याचं टोक गेलंच. मी रोज पट्टी बांधत होते आणि रोज पावलाला हाताची मागची बाजू लावून बघत होते, ऊब आलीय का. कधी वाटायचं आलीय, कधी वाटायचं माझाच हात गरम आहे. डॉक्टर म्हणायचे, मोठी नळी बुजली की कधीकधी शेजारून बारीक वाटा फुटतात. कधी फुटत नाहीत. वाट बघायची.

चालवून बघावं, तर आबा डॉक्टरांबरोबर रस्त्यावर यायला तयार नाहीत. त्या बंद दुकानापाशी त्यांना कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखं झालं होतं. बिडी नसल्यामुळं स्वभाव असा तिरसट झाला होता, की घरात भांडी त्यांना घाबरायची. पाय कसा आहे विचारलं की म्हणायचे, हाय जागेवर.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एके दिवशी सकाळी दत्तोबा सायकलवाला दवाखान्यात आला. चेनमध्ये बोट सापडलं होतं. डॉक्टर टेबलाशी कार्डं लिहीत होते, इमामभाई औषध कालवत होते, मी दत्तोबाच्या बोटाला पट्टी बांधायला घेतली. पण दत्तोबाला बोटाचं काही नव्हतं. तो भलत्याच रागात होता.

"डॉक्टर, आमच्या वस्तादास्नी काय औषद दिलासा?"

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, का, काय झालं?

"माणूस माजलाय. दुसरं काय न्हाई. काल सांजच्याला तालमीपास्नं निघालं ते रंकाळ्यापतुर गेलं. एक रामराम घालाय नगो कुणाला?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. म्हणाले, "परत सांगा."

"काय परत सांगायचं? दूधवाल्यानं हाक मारली, न्हाई थांबलं. पानवाल्यानं हाक मारली, न्हाई थांबलं. मी तर दारात हात जोडून हुबा. निस्ती मान हालवली आन् तसंच म्होरं. आवं, मी सासुरवाडीला गेलतो तवा माझ्या बंद दुकानाला रामराम घालणारा ह्यो माणूस! सगळ्या पेठेला ठावं हाय. आन् आता मी म्होरं जिता हुबा हाय, तर बघंना."

"मध्ये कुठंच थांबले नाहीत? एकदाही?"

"तेच तर सांगालोय. एवढा कसला गर्व म्हणायचा?"

इमामभाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. मी दत्तोबाच्या बोटाला पट्टी गुंडाळतच होते, गुंडाळतच होते. त्याचं मक्याचं कणीस झालं तरी माझा हात थांबेना.

डॉक्टर उठले. टेबलाला वळसा घालून दत्तोबाच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. मुंबईला शिकलेला माणूस, नमस्काराच्या पुढं कधी गेला नव्हता. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"रामराम, दत्तोबा," म्हणाले. "बरं हाय न्हवं?"

दत्तोबाचा राग जागच्या जागी उतरला. त्यानं ते कणीस सावरत हात जोडले आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "बघितलासा, आक्का? शिकल्याला माणूस असा असतोय."